फ्लॉपीवरची चिठ्ठी

आमच्या छापखान्यात एक टेलिफोन असा होता, की तो माणसानं उचलायचा नाही. वाजला की शेजारचा कॉम्प्युटर तो आपला आपण उचलायचा आणि पलीकडच्याच्या कानात किंचाळायचा. चुकून तो नंबर लागलेलं एक जुनं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन मालकांना सांगून गेलं, "आण्णा, तुमच्या फोनात कायतरी अडकलंया बघा. लई वरडतंय." आण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्याला विचारा. ह्यानंच अडकवलंय."

ते खरंच होतं.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. कोल्हापुरात आम्ही लग्नपत्रिका छापायचो. मी डिप्लोमा झालेला, कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी ठेवलेला माणूस, आणि अंगात नको तेवढी खुमखुमी. आण्णांच्या घरात कन्नड, दुकानात मराठी. पण राग आला की ते दुकानातही कन्नडमध्ये जात आणि राग उतरला की मराठीत परत येत. त्यामुळं आम्हाला कन्नड येत नसलं तरी हवामान बरोबर कळायचं.

छापखान्याची दोन काउंटरं बाहेरगावी होती, एक मुरगूडला आणि एक हातकणंगल्याला. गिऱ्हाइकानं तिथं जायचं, मजकूर सांगायचा, तिथल्या ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायची, छोट्या प्रिंटरवर कच्ची प्रत काढून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. मग ती फाईल फ्लॉपीवर घालून कोल्हापुरात पाठवायची. पाठवायची म्हणजे एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची. आमचा माणूस स्टँडवर उभा असायचा. छापलेल्या पत्रिकाही तशाच, बांधून, परतीच्या गाडीनं.

आता एसटी आणि फ्लॉपी यांचं काही जमायचं नाही. फ्लॉपी इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर ठेवली जायची. जेवणाच्या डब्याखाली दबायची. एका कंडक्टरनं तर कागलपासून कोल्हापूरपर्यंत तिचं ते सरकतं पत्र्याचं झाकण उघड-मीट करत वेळ घालवला आणि स्टँडवर आमच्या माणसाला प्रेमानं सांगितलं, "चांगली हाय वस्तू, खटकन बसती." ती फ्लॉपी पुन्हा कुठल्याही कॉम्प्युटरला बसली नाही.

चांगल्या फ्लॉपी छापखान्यात मशीनजवळ बसणारा आतला ऑपरेटर उघडायचा. बिघडलेल्या माझ्याकडं यायच्या. मी त्या उजेडात धरायचो, झटकायचो, फुंकायचो, आणि शेवटी मुरगूडला फोन करून सांगायचो की पुन्हा पाठवा. हे मुद्दाम सांगतो, कारण बिघडलेल्या फ्लॉपीत कुठल्या नावाची फाईल आहे ते दिसतच नाही. दोन वर्षं त्या छापखान्यात काढून मी काउंटरवरून आलेल्या एकाही फाईलचं नाव बघितलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आण्णांनी मला बोलावलं. चक्क मराठीत बोलले, म्हणजे विचार करून ठेवलेला होता. "तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. ह्या सीझनला एक जरी पत्रिका चुकली की मुरगूड बंद करणार. हातकणंगलं ऱ्हाऊ दे, ते जवळ हाय, तिथल्या काउंटरचे मास्तर रेल्वेत बसून फ्लॉपी हातानं आणून देतील. मुरगूड न्हाय परवडत."

मुरगूड म्हणजे वहिनी. त्या काउंटरवर त्या एकट्याच होत्या, आणि सगळा छापखाना त्यांना वहिनीच म्हणायचा. माहेर त्यांचं सीमेपलीकडं, निपाणीच्या बाजूला. लग्नाआधी डीटीपीचा कोर्स केलेला, आणि सासरी चार वर्षं तो कोर्स ट्रंकेत ठेवून भाकरी थापलेल्या. गावाबाहेर नोकरी करायची नाही एवढी एकच सासरची अट. मुरगुडात अशी नोकरी एकच, आमची. काउंटर बंद म्हणजे सर्टिफिकेट परत ट्रंकेत.

मी आण्णांना म्हटलं, "फ्लॉपीच बंद करू. फाईल फोनवरनं येईल." ते म्हणाले, "कर. पर मुरगुडाचं तुझ्या गळ्यात हाय म्हणून समज."

विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी मला एका मासिकाबरोबर फुकट मिळाली होती. फुकट म्हटल्यावर आण्णांचा विरोध निम्मा मावळला. गोडाऊनमधला एक जुना कॉम्प्युटर मी पुसून काढला, त्यावर लिनक्स घातलं, त्याला फोनच्या तारेवरून फाईल आणणारा मोडेम जोडला आणि फोन आपला आपण उचलायला शिकवलं. हा आमचा सर्व्हर; सगळे त्याला डबाच म्हणायचे. मग सायबर कॅफेत बसून एक फाईल मॅनेजर उतरवून आणला. फाईल मॅनेजर म्हणजे काय, तर एक वेब पान. मुरगूडच्या कॉम्प्युटरनं आमच्या डब्याला फोन लावायचा, तिथल्या ब्राउझरमध्ये ते पान उघडायचं, त्यात फोल्डरं दिसतात, आपली फाईल त्यात टाकायची. इकडं आतल्या ऑपरेटरनं तेच पान उघडून ती काढून घ्यायची. सगळं आपल्याच डब्यात, दुसऱ्याच्या दारात जायचं काम नाही.

सांगायला दोन ओळी लागल्या, करायला पंधरा दिवस गेले. आधी पान उघडलं ते कोरं करकरीत पांढरं. दोन दिवस मी त्या पांढऱ्या पानाकडं बघत बसलो. मग कळलं की ज्या भाषेत ते लिहिलंय ती पीएचपी मी चढवलेलीच नाही. ती चढवली, पान आलं, पण फाईल टाकली की 'परवानगी नाही'. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डर कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं असतं. मी ते सर्वाधिकारी होऊन बनवलेलं, आणि वेब सर्व्हर बिचारा परका. फोल्डर त्याच्या नावावर करून दिलं तेव्हा तो कामाला लागला. तरी काही पत्रिका जायच्या, काही जायच्या नाहीत. चार दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की ज्या पत्रिकेवर गणपतीचं चित्र मोठं, ती अडते. एक एमबीच्या वरची फाईल घ्यायची नाही असं सेटिंग होतं आणि गणपती सव्वा एमबीचा होता. विघ्नहर्त्यानंच विघ्न आणलेलं. आकडा वाढवला, गणपती आत आला, आणि मी आण्णांच्या टेबलावर पेढे ठेवले.

मुरगूडला मी स्वतः गेलो. वहिनींच्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं, फोन लावला, किंचाळणं ऐकवलं, पान उघडून दाखवलं. त्यांनी एक फाईल टाकली. वर जाईपर्यंत चहा झाला. मग कोल्हापुरातनं आतल्या ऑपरेटरचा फोन आला, "आली वो!" वहिनींनी खुर्चीतच दोन्ही हात वर केले.

"भावजी, हे चालंल न्हवं?" त्या म्हणाल्या. "आण्णांचं मला कळलंय. ह्या खुर्चीत बसलं की मी कुणाची सून न्हाय बघा, ऑपरेटर हाय. हे गेलं तर मला लई जड जाईल."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की चालणार. मग त्यांनी विचारलं, "आणि चिठ्ठी कुठं लावायची?"

"कसली चिठ्ठी?"

"फ्लॉपीवर लावतो की न्हाय आपण."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. "वहिनी, आता चिठ्ठी नाही, फ्लॉपी नाही, एसटी नाही. फाईल थेट कोल्हापुरात." त्या गप्प बसल्या. शिकल्यासवरलेल्या माणसापुढं गप्प बसतात तशा बसल्या, आणि मला ते आवडलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

हातकणंगल्याचे मास्तर म्हणजे निवृत्त टायपिंग मास्तर. शिस्तीचा माणूस. चाचणीच्या आठवड्यात ते रोज फोन करायचे, "अहो, हे इंग्रजीत कायतरी विचारतंय. व्हय म्हणू का न्हाय म्हणू?" मी सांगायचो, व्हय म्हणा. तासाभरानं पुन्हा तेच. काय विचारतंय ते नीट वाचून घ्यायचा मला कंटाळा. पाचव्या दिवशी माझा संताप झाला. मी सेटिंगची फाईल उघडली, तो प्रश्न विचारण्याची सोय एका शब्दानं बंद करून टाकली आणि मास्तरांना कळवलं, "आता नाही विचारणार." मास्तर खूश, मी खूश.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन उसळला. पहिले चार दिवस सगळं झकास. फोन किंचाळायचा, पत्रिका यायची, ऑपरेटर उचलायचा, मशीनवर जायची. मी मधूनमधून फोल्डरमध्ये डोकावायचो. बघावं तेव्हा एकच फाईल. मला वाटायचं, काय शिस्त आहे! एक आली, ती छापून झाली, की दुसरी. मी आण्णांना तसं बोलूनही दाखवलं.

पाचव्या दिवशी मुरगूडहून गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची पत्रिका आली. वहिनींनी नेहमीच्या फोनवर सांगितलं, "गुळाचं पाठवलंय. पाचशे, गुलाबी कागद." तेवढ्यात लाइट गेली. सर्व्हरला मी यूपीएस लावलेला, ऑपरेटरच्या कॉम्प्युटरला नाही. लाइट येईपर्यंत मास्तरांचाही फोन झाला, "हॉटेलवाल्याच्या मुलाचं टाकलंय. चारशे, बदामी." लाइट आली, ऑपरेटरनं दोन्ही कामं उरकली आणि गठ्ठे संध्याकाळच्या गाड्यांनी गेले.

मुरगुडात व्यापाऱ्यानं गठ्ठा सोडला. पहिली पत्रिका देवाची. तिला हळदकुंकू लावून ती गणपतीपुढं ठेवली, नमस्कार केला. देवानं काही तक्रार केली नाही. दुसरी पत्रिका मुलीच्या मामाची, आणि मामाला वाचता येत होतं. मामानं ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि विचारलं, "पावणं, लगीन आमच्या भाचीचं हाय का हातकणंगल्याच्या हॉटेलवाल्याच्या पोराचं?"

नऊशेच्या नऊशे पत्रिका त्या हॉटेलवाल्याच्या निघाल्या होत्या. पाचशे गुलाबी, चारशे बदामी. कागदाचा रंग वेगळा, म्हणून छापखान्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सकाळी आण्णांनी मला बोलावलं. "एनप्पा इदु?" कन्नड! म्हणजे राग. आणि मी घाबरलो की जे करतो तेच केलं, आवाज चढवला. "आण्णा, सर्व्हर चुकत नाही. लिनक्स आहे ते. वहिनींनीच भलती फाईल टाकली असणार."

हातकणंगल्याच्या पत्रिकेची फाईल मुरगूडच्या वहिनींकडं येणारच कुठून, एवढा साधा विचार मी केला नाही. आण्णाही रागात होते, त्यांनीही केला नाही. त्यांनी फोन फिरवला आणि वहिनींना सांगितलं की महिनाअखेरीला काउंटर बंद. मी तिथंच उभा होतो. पलीकडून फार काही ऐकू आलं नाही. वहिनींचं, आमच्याकडच्या बायकांच्या पुरुषी वळणानं, एवढंच आलं, "मी येतो कोल्हापूरला. पुढच्या गाडीनं येतो."

दुपारी बाराच्या सुमाराला त्या आल्या. हातात बाजाराची नायलॉनची पिशवी. आण्णांना नमस्कार केला, माझ्याकडं बघितलंही नाही, आणि पिशवी टेबलावर उलटी केली. पन्नासेक फ्लॉपी घरंगळल्या. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर निळ्या शाईनं सुरेख अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख.

"ह्या वो कशाला ठेवल्या?" आण्णांनी विचारलं. मराठीत विचारलं.

"भावजींच्या डब्याचा मला भरवसा न्हवता. म्हणून वर पाठवायच्या आधी एक फ्लॉपीवर घालून ठेवतो." त्यांनी एक फ्लॉपी उचलून माझ्यापुढं धरली. "ही गुळाची. घाला आन् बघा मी भलतं काय पाठवलंय."

घातली. आत एकच फाईल. नाव, इंग्रजी अक्षरांत, श्री. उघडली. गुळाच्या व्यापाऱ्याच्या मुलीची पत्रिका, काना-मात्रेचीही चूक नाही.

"फाईलचं नाव श्री?" मी विचारलं.

"मग काय असणार?"

मी दुसरी फ्लॉपी घातली. श्री. तिसरी, श्री. दहावी, श्री. आतल्या ऑपरेटरला हाक मारली. तो शांतपणे म्हणाला, "श्रीच असतंय की. मास्तरांचं पण श्रीच. आधी श्री लिहायचा आन् लगेच सेव्ह मारायचं, लाइट कधी जाईल सांगता येत न्हाय. पयला शब्द आसंल त्येच नाव कॉम्प्युटर आपला आपण फाईलीला लावतोय."

कोऱ्या कागदावर पहिलं अक्षर श्री. माझी आई किराण्याच्या यादीवरही लिहायची. शाळेतल्या प्रत्येक वहीवर मीही लिहिलेला. दोन्ही काउंटरांवर वर्षानुवर्षं प्रत्येक पत्रिकेची फाईल श्री याच नावानं जन्माला येत होती आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण प्रत्येक श्रीला स्वतःची फ्लॉपी होती आणि फ्लॉपीवर चिठ्ठी होती. ती चिठ्ठी मी हसून फेकून दिली होती. सगळे श्री एका फोल्डरमध्ये आणून सोडले होते. 'याच नावाची एक फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू का?' एवढं तो बिचारा फाईल मॅनेजर मास्तरांना रोज विचारत होता, आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

तरी खात्री करावी म्हणून सर्व्हरची नोंद काढली. कोण कधी आलं, काय टाकलं, सगळं तो लिहून ठेवतो. मुरगूडची फाईल आलेली होती. बरोबर आलेली होती. वीस मिनिटांनी हातकणंगल्याचा श्री आला आणि मुरगूडच्या श्रीच्या जागी बसला. माझी ती शिस्तीतली एकच फाईल.

खरं सांगतो, नोंद बंद करावी आणि 'तांत्रिक बिघाड' म्हणावं असं एकदा मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं? पण वहिनी एकेक फ्लॉपी पुसून पिशवीत परत भरत होत्या, चिठ्ठ्या दुमडणार नाहीत अशा बेतानं. मी आण्णांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"चूक माझी आहे. वहिनींनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीचं विचारलेलं. मी हसलो. सकाळी त्यांचं नाव घेतलं तेही खोटं होतं. काढायचं तर मला काढा."

आण्णांनी गुळाची फ्लॉपी उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मग वहिनींकडं बघून म्हणाले, "होगलि बिडु."

कन्नड. संपलं, मी म्हटलं. पण वहिनी हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा. "काय म्हणाले?" मी विचारलं. निपाणीचं माहेर कामाला आलं. "जाऊ दे म्हणत्यात," त्या म्हणाल्या. रागाशिवायही आण्णा कन्नड बोलतात हे मला त्या दिवशी कळलं.

"आधी कार्डं छापा," आण्णा मराठीत आले. "मुरगूड बंद करायचं का न्हाय ते ह्यो डबा सुधरल्यावर बघू. उद्यापातूर वेळ."

पाचशे गुलाबी पत्रिका त्याच फ्लॉपीवरून छापायला घेतल्या. मशीन चालू असताना मी वहिनींना म्हटलं, "तुम्ही फाईलला नवराबायकोचं नाव देत चला."

"आन् श्री?"

"श्री आत आहेच की."

"न्हाय जमायचं भावजी. हात आपोआप जातोय. मास्तरांचा पण जाणार. माणसांचं नका बदलू, डब्याला सांगा. फ्लॉपीवर चिठ्ठी लावतो तशी त्याला चिठ्ठी लावायला सांगा की."

इतकं सोपं होतं. फाईल मॅनेजरचा कोड मी तोवर कधी उघडलेला नव्हता. त्या दुपारी उघडला. फाईल टाकायच्या जागेवर एक रिकामा चौकोन वाढवला आणि त्यावर 'चिठ्ठी' असं लिहिलं. चिठ्ठी भरल्याशिवाय फाईल जाणार नाही. जे लिहाल त्या नावाचं फोल्डर होईल, आणि त्यात आपला श्री सुखानं एकटा राहील. तो प्रश्न विचारण्याची सोयही परत चालू केली, या वेळी मराठीत. वहिनी शेजारी बसून बघत होत्या. चौकोन छोटा झाला म्हणाल्या, "गावाचं नाव मावलं पायजे." मोठा केला.

संध्याकाळच्या गाडीनं त्या स्वतः गठ्ठा घेऊन गेल्या. व्यापाऱ्यानं पत्रिका घेतल्या, मामाकडून वाचून घेतल्या आणि माफ केलं. देवापुढची मात्र त्यानं बदलली नाही. देवाला एकदा दिलेलं आमंत्रण परत घेत नाहीत म्हणे. तेव्हा हातकणंगल्याच्या त्या लग्नाला मुरगूडचा गणपती जाऊन आला असेल तर त्याचा यजमान मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडायच्या वेळेला मी डब्यापुढं जाऊन बसलो. मागं आण्णा, हात बांधून. फोन वाजला. डब्यानं उचलला, किंचाळला. मुरगूड. आम्ही दोघं पानाकडं बघत राहिलो. मिनिटभरानं नवीन फोल्डर उमटलं. वहिनींनी चिठ्ठीच्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'मुरगूड चालू हाय'.

आण्णांनी चष्मा वर करून ते वाचलं. पुन्हा वाचलं. "हाय तर हाय," ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडं गेले.

मी फोल्डर उघडलं. आत एकच फाईल, श्री. ती उघडली. सबंध पान कोरं होतं, आणि वर मधोमध फक्त तेवढं एक अक्षर. पुढची तीन वर्षं, म्हणजे तो सर्व्हर होता तोवर, वहिनी त्या खुर्चीत होत्या. डबा भंगारात देताना मी सगळं पुसलं, ते एक फोल्डर सोडून. ते मी फ्लॉपीवर घेतलं आणि वर चिठ्ठी लावली.